स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक लेबल चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्नो, अ‍ॅम्बियंट, ब्रेक्स, नॉइझ असलं काहीबाही इलेक्ट्रॉनिक संगीत घरच्या लॅपटॉपवर करणारी आणि आता "आपलंच लेबल (संगीत प्रकाशित करणारी संस्था) काढू" म्हणणारी मंडळी पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात, गोव्यात बरीच आहेत. लेबल चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यांच्याकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो. कायद्याची माहिती भारतापुरती आहे. सही ठोकण्याआधी कागद वकिलाला आणि आकडे सीएला दाखवा.

१. अंडरग्राउंड लेबल म्हणजे नेमकं काय? जे खपत नाही ते?

खपलं तर आनंदच आहे. पाहायचं ते एवढंच, की काय काढायचं हे कोण ठरवतं. डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्सवाल्यांनी (माइक बँक्स, जेफ मिल्स, रॉबर्ट हूड) चेहरे झाकले आणि वितरण स्वतःच्या हातात ठेवलं. बर्लिनच्या बेसिक चॅनलने १९९३ पासून काढलेल्या प्लेट्सवर (व्हायनल तबकड्यांवर) नावगाव जवळजवळ नसेच. दोघांच्याही प्लेट्स जगभर गेल्या.

आपल्याकडचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून उभी हयात काढलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या टीबी-३०३ (बास सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) वर दहा रागांचा अल्बम केला. काढला कोणी, तर ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने. एवढी मोठी कंपनी पाठीशी असून तो पडून राहिला. २०१० मध्ये एका छोट्या डच लेबलाने तो पुन्हा काढला, तेव्हा जगाने कान टवकारले. गोव्याच्या ट्रान्सचंही तसंच: हणजुणच्या पार्ट्यांत घडलेलं संगीत नव्वदच्या दशकात छापलं ते मुख्यतः लंडनच्या लेबलांनी. आपल्याकडे संगीत होतं, ते नीट बाहेर काढणारं कोणी नव्हतं.

२. ट्रॅक मी स्वतःच अपलोड करू शकतो. मग लेबल कशाला?

खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना ते नकोच असतं. लेबलने आधी पैसे घातले, ट्रॅक निवडताना आणि क्रम लावताना दुसरा कान दिला आणि रिलीज झाल्यावर वर्षभर पाठपुरावा केला, तर त्याने वाटा मागावा. नुसता लोगो चिकटवून अपलोडचं बटण दाबणाऱ्याने निम्मे पैसे घेऊ नयेत. तुमचं लेबल यातलं काय करणार, हे आधी कागदावर लिहा. पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

३. सुरुवातीला कंपनी काढावी लागते का?

नाही. एकट्याची प्रोप्रायटरशिप पुरते. बँकेत चालू खातं उघडायला सहसा गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंद) लागतो. कामगार मोजकेच असतील तर महाराष्ट्रात ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. दोघं-तिघं असाल तर निदान भागीदारीचा करार करा, कारण भांडण होतं ते नावावरून. नाव आधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर शोधा. वर्ग ९ मध्ये ध्वनिमुद्रणं येतात, ४१ मध्ये करमणूक. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, तिथवर पोहोचलात तर पार्टी द्या. कॅसेट आणि टी-शर्ट परराज्यात पाठवणार असाल तर मालाचे नियम वेगळे पडतात, ते सीएकडून आधीच समजून घ्या.

४. सगळे मित्रच आहेत. करार कशाला?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचं नाव पुढे करतात. १९७८ साली सुरू झालेल्या या लेबलाने कलाकारांना नेहमीच्या करारात बांधलं नाही. संगीत कलाकारांचं, कंपनीचं काही नाही, अशा अर्थाचा एक कागद मात्र होता. १९९२ मध्ये लंडन रेकॉर्ड्स ही कंपनी फॅक्टरी विकत घ्यायला आली, तेव्हा न्यू ऑर्डरचं संगीत फॅक्टरीच्या मालकीचंच नाही हे उघड झालं. सौदा फिसकटला, फॅक्टरी बुडाली, कलाकारांचे हक्क वाचले. ते मैत्रीमुळे वाचले असं सांगितलं जातं. मला विचाराल तर त्या कागदामुळे.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ याबाबत स्पष्ट आहे. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर लेखी आणि सहीनिशीच. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो संपतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "हो रे, टाक तू" एवढ्या भरवशावर जगभर वितरण करणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

५. मग करारात काय काय लिहायचं?

मालकी घेऊ नका, परवाना घ्या. बेडरूममध्ये ट्रॅक करणारा स्वतःच पुढाकार घेतो, खर्च उचलतो. कायद्याच्या भाषेत ध्वनिमुद्रणाचा निर्माता तोच. आमच्या कागदाची दोन पानं आहेत: कोणते ट्रॅक, किती वर्षं (पाच), कुठे (जगभर), फक्त आम्हालाच की नाही, खर्चाची कमाल मर्यादा, वाटणी, हिशेबाच्या तारखा. मुदत संपली की तीन महिन्यांची नोटीस देऊन कोणीही बाहेर पडू शकतो.

एक ओळ बहुतेक जण विसरतात: जाहिरात, चित्रपट, राजकीय प्रचार यांत वापर करायचा असेल तर प्रत्येक वेळी कलाकाराची लेखी संमती. आणखी एक लक्षात ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार आणि गीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. "सर्व हक्क कायमचे सोडले" असं छापील वाक्य कुठून उचललं असेल तर ते खोडा.

६. खर्च आणि वाटणीचा हिशेब प्रत्यक्षात कसा दिसतो?

समजा चार ट्रॅकची ईपी (छोटा अल्बम) आहे. मास्टरिंग १२,०००, कव्हर ८,०००, थोडी डाउनलोड कोडची कार्डं आणि कुरिअर ४,०००. एकूण २४,०००, आणि हा आकडा कलाकाराने आधी मान्य केलेला. पहिल्या सहा महिन्यांत सगळी कमिशनं जाऊन ३१,५०० हातात पडले. खर्च वजा जाता ७,५०० उरतात, निम्मे-निम्मे केले की कलाकाराला आणि लेबलला ३,७५० प्रत्येकी. पुढच्या सहामाहीत ९,००० आले तर वजा करायला काही नाही, थेट ४,५००-४,५००.

लेबलची लायकी कळते ती खर्चाच्या रकान्यात. तुमचं वाय-फाय, वेबसाइटचं भाडं, गोव्याची ट्रिप, मीटिंगचा चहा-मिसळ हे कलाकाराच्या वाट्यातून जात नाही. आमच्या शीटमध्ये तारीख, कुठून आले, मूळ रक्कम, कमिशन, हातात पडलेली रक्कम, खर्च आणि शिल्लक असे रकाने आहेत. डॉलर ज्या दिवशी खात्यात आले त्या दिवशीच्या दराने रुपये. कलाकाराला शीटची लिंक कायम उघडी असते. त्यामुळे वाद होत नाहीत असं नाही, पण ते पाच मिनिटांत मिटतात.

दोघांनी मिळून केलेल्या ट्रॅकची आपापसातली टक्केवारी रिलीजच्या आधी ठरवून घ्या. ट्रॅक गाजल्यावर प्रत्येकालाच आपली बेसलाइन महत्त्वाची वाटू लागते.

७. सहा महिन्यांत कलाकाराच्या वाट्याला ११८ रुपये आलेत. तेही पाठवायचे?

पैसे ५०० पर्यंत साठेपर्यंत थांबा, फक्त ते करारात लिहिलेलं हवं. हिशेब मात्र शून्य असला तरी तारखेला पाठवा.

८. डेमो आवडला नाही, पण पाठवणारा जवळचा आहे. नाही कसं म्हणू?

लवकर आणि थोडक्यात. "आमच्या यादीत बसत नाही" एवढं पुरे. न मागता तीन पानी समीक्षा लिहू नका. मित्राचा बरा ट्रॅक भिडेखातर काढला की पुढच्या वेळी अनोळखी पोराचा उत्तम डेमो उशिरा ऐकला जातो, कारण वर्षाला जेमतेम पाच-सहा रिलीज झेपतात. आम्ही डेमो नाव झाकून ऐकतो. फाइलला आकडा देतो आणि ऐकून झाल्यावरच मेल उघडतो. गावात सगळे एकमेकांना ओळखत असताना याचा फार उपयोग होतो.

९. बॅन्डकॅम्प की स्पॉटिफाय?

पैसे येतात बॅन्डकॅम्पवरून (तिथे श्रोते संगीत थेट विकत घेतात), ओळख होते दोन्हीकडे. बॅन्डकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं (विक्री ५,००० डॉलरच्या पुढे गेली की १०), वस्तूंवर १० टक्के, शिवाय पेमेंटचं शुल्क. स्पॉटिफायने २०२४ पासून असं केलंय की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही. आपल्या शैलीतल्या निम्म्या कॅटलॉगची तिथे सुट्टी झाली.

भारतातली अडचण वेगळीच आहे. बॅन्डकॅम्पचे पैसे पेपालमधून येतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले. म्हणजे बर्लिनचा श्रोता घेऊ शकतो, बिबवेवाडीचा अडकतो. यावर इलाज म्हणजे डाउनलोड कोड छापलेलं कार्ड. गिगच्या (कार्यक्रमाच्या) दारात टेबल मांडा, यूपीआयचा क्यूआर ठेवा. कव्हरचं चित्र नीट छापलेलं असेल तर लोक कार्डही जपून ठेवतात.

कुठल्याही एका दुकानावर विसंबू नका. बॅन्डकॅम्प २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतलं आणि २०२३ मध्ये साँगट्रेडरला विकलं. त्या उलाढालीत निम्म्या लोकांची नोकरी गेली. ग्राहकांचे ईमेल दर महिन्याला उतरवून स्वतःजवळ ठेवा.

१०. आयएसआरसी, आयपीआरएस, डब्ल्यू-८बेन: हे सगळं लागतंच का?

आयएसआरसी लागतो. तो प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक. वितरक (ट्रॅक ऑनलाइन दुकानांत आणि स्ट्रीमिंगवर पोहोचवणारा) तो फुकट देतो, पण दिलेला क्रमांक स्वतःच्या शीटमध्ये उतरवून घ्या. का, ते प्रश्न १८ मध्ये आहे. आयपीआरएस ही रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे, तिचं सदस्य कलाकाराने स्वतः व्हावं. लेबलने त्याच्या नावावर बसून राहू नये. अमेरिकन वितरक डब्ल्यू-८बेन हा कराचा अर्ज मागतो तेव्हा तो भरा. न भरल्यास अमेरिकेतल्या रॉयल्टीवर ३० टक्के कर कापला जातो, भरल्यावर भारत-अमेरिका करारामुळे १५. कंपनीच्या नावाने असाल तर अर्ज वेगळा.

११. "दहा हजार स्ट्रीम्स गॅरंटी, फक्त ३,००० रुपये" असा मेल आलाय. घ्यावं का?

डिलीट करा. यंत्राने वाजवलेले स्ट्रीम्स पकडले गेले की दंड वितरकामार्फत तुमच्याच माथी येतो आणि ट्रॅक उडतो.

१२. पहिलाच रिलीज व्हायनलवर काढायची इच्छा आहे.

इच्छा चांगली आहे. पण पहिला नको, पाचवा रिलीज व्हायनलवर काढा. बारा इंची प्लेट ४५ च्या वेगाने दणकून वाजायची तर एका बाजूला साधारण दहा-बारा मिनिटंच बसतात, म्हणजे तुमचा अठरा मिनिटांचा अ‍ॅम्बियंट तुकडा ३३ वर आणि हळू आवाजात जाईल. खालचा बास मोनो (दोन्ही स्पीकरांत सारखा) हवा, नाहीतर सुई उडते. व्हायनलसाठी मास्टर वेगळा करून घ्या आणि टेस्ट प्रेसिंग (छपाईआधीची नमुना प्लेट) दोन-तीन वेगवेगळ्या टर्नटेबलांवर पूर्ण ऐका, आतल्या बाजूचा शेवटचा ट्रॅक खास करून. तिथे झांजा फाटतात. बाहेरून छापून आणलंत तर भाडं आणि सीमाशुल्क धरूनच किंमत ठरवा. कॅसेट पन्नासच्या संख्येतही परवडते.

तीनशे प्लेट्स कुठे ठेवणार, हेही आधी ठरवा. ऑगस्ट २०११ च्या लंडन दंगलीत एनफिल्डचं सोनीचं गोदाम जळालं आणि पायस या वितरकाकडे असलेल्या कितीतरी स्वतंत्र लेबलांचा माल एका रात्रीत राख झाला. त्याआधी डिसेंबर २००८ मध्ये पिनॅकल हा वितरक बुडाला, तेव्हा लेबलांचे विक्रीचे पैसेच अडकले. सगळा माल एका जागी आणि सगळी उधारी एका माणसाकडे ठेवू नका. आपल्या हवेत पलंगाखालच्या खोक्यांना पावसाळ्यात बुरशी येते ते वेगळंच.

१३. जुन्या तबकडीवरची लावणी सॅम्पल करायची (तुकडा उचलून ट्रॅकमध्ये वापरायची) आहे. साठ वर्षं झाली की मोकळी ना?

अर्धवट खरं. एका तबकडीत दोन हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. १९६० ची तबकडी २०२० अखेर मोकळी झाली. पण चाल आणि शब्द यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. संगीतकार १९९० मध्ये गेले असतील तर चाल २०५० अखेरपर्यंत बांधलेली. रामजोशी किंवा होनाजी बाळाची रचना असेल तर शब्दांची चिंता नाही, पण चित्रपटातली लावणी "पारंपरिक" म्हणून खपवू नका. शिवाय भारतात मोकळी झालेली तबकडी अमेरिकेत मोकळी असेलच असं नाही, तिथे जुन्या ध्वनिमुद्रणांना बरंच लांब संरक्षण आहे, आणि तुमचं वितरण तर जगभर.

"दोन सेकंदांपर्यंत चालतं" हा नियम कुठेही नाही. फिल्टर लावून ओळखू येत नाही, हाही बचाव नव्हे.

१४. मग हलगी, संबळ, ढोलकी प्रत्यक्ष रेकॉर्ड केली तर?

हाच उत्तम मार्ग, पण इथेच शहरी लेबलांचा हात सगळ्यात आखडतो. हलगीवाल्याला पाचशे रुपये आणि जेवण देऊन आणलेल्या रेकॉर्डिंगवर "फील्ड रेकॉर्डिंग, पश्चिम महाराष्ट्र" एवढंच लिहिलेलं आम्ही पाहिलंय. वाजवणाऱ्याला नाव आहे, आणि सादरकर्ता म्हणून त्याला कायद्याने हक्कही आहेत.

आम्ही असं करतो: कागद मराठीत, एका पानाचा. ट्रॅक लॅपटॉपवर ऐकवून दाखवायचा, तोडमोड करून काय होणार तेही ऐकवायचं. मग कागद मोठ्याने वाचायचा. दिवसाची बिदागी रोख किंवा यूपीआयने त्याच दिवशी, आणि त्या ट्रॅकच्या कलाकार-वाट्यातला पाव भाग वादकाचा. सही झाली की फोटो काढून त्यांच्या किंवा घरातल्या कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. कव्हरवर नाव कसं लिहायचं हे त्यांनाच विचारायचं. कोणाला गावाचं नाव हवं असतं, कोणाला पार्टीचं. देवीच्या गोंधळातलं काही रेकॉर्ड करत असाल तर ते क्लबात वाजणार हे स्पष्ट सांगा. नाही म्हणाले तर विषय संपला.

१५. जुन्या गाण्याचं कव्हर करता येतं ना, फी भरून?

कलम ३१सी खाली पाच वर्षं झालेल्या गाण्याचं कव्हर करता येतं, पण रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींची भरावी लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडे बदल चालत नाहीत. टेक्नो कव्हरमध्ये बदलच तर करायचा असतो! तेव्हा छोट्या लेबलाने हक्कधारकाशी थेट बोलावं.

उलट बाजूनेही धोका आहे. अंडरग्राउंड रेझिस्टन्सच्या 'नाइट्स ऑफ द जॅग्वार'ची हुबेहूब आवृत्ती सोनीच्या जर्मन शाखेने १९९९ मध्ये लेबलला न विचारता केली. जगभरच्या डीजेंनी ईमेल आणि फॅक्सचा भडिमार केला, तेव्हा ती मागे घेतली गेली. छोट्या लेबलाच्या मागे श्रोते उभे राहतात ते असे.

१६. दारूच्या कंपनीचा स्पॉन्सर मिळतोय. घेतला तर "विकले गेलो" का?

या देशात दारूची टीव्हीवर जाहिरात करता येत नाही, म्हणून कंपन्या वर्षानुवर्षं "म्युझिक सीडी"च्या नावाने जाहिराती करत आल्या. तुमच्या लेबल-नाइटमध्ये त्यांना रस का आहे, ते इथे कळतं. गिगच्या साउंडसाठी पैसे घेणं एक, आणि रिलीजच्या कव्हरवर, ट्रॅकच्या नावात किंवा निवडीत त्यांना जागा देणं दुसरं. आम्ही पहिलं क्वचित करतो, दुसरं नाही. करारात बॅनर किती, कुठे, हे लिहून घ्या. आणि पैसे कुठून आले ते वाजवणाऱ्यांना आधी सांगा. व्यसनातून बाहेर पडलेला कलाकार मंचावर चढल्यावर त्याला मागे बाटलीचा बॅनर दिसू नये.

गिगच्या बाकी गोष्टी थोडक्यात: उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. बारापर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही सरकारने ठरवलेल्या सणा-उत्सवांसाठी. बंद जागेत आवाज बाहेर गेला तरी तक्रार होतेच.

१७. आमचा कलाकार मोठ्या लेबलकडे चाललाय. अडवू का?

नाही. जुने ट्रॅक मुदतीपर्यंत तुमच्याकडे राहतात (प्रश्न ५), नव्यावर तुमचा हक्क नाही. "पुढचे तीन अल्बम आम्हालाच" अशी अट घालणारी छोटी लेबलं आहेत, आणि आपण कुणाविरुद्ध उभे आहोत हे ती विसरलेली असतात. मोठ्या लेबलला जुने ट्रॅक हवे असतील तर तुमचा न फिटलेला खर्च आणि थोडी वाजवी रक्कम मागा. सौदा लेखी.

१८. लेबल बंद करतोय. आता काय?

सहा महिने आधी सगळ्यांना कळवा. शेवटचा हिशेब शून्यावर आणा, परवाने लेखी परत करा. मास्टर्स, कव्हरच्या मूळ फाइली आणि आयएसआरसीची यादी प्रत्येक कलाकाराच्या हवाली करा. वितरकाकडे ट्रॅक घाईने उडवू नका. कलाकाराने तोच आयएसआरसी आणि तीच ऑडिओ फाइल वापरून नव्या वितरकाकडे आधी चढवावं, दोन्ही आवृत्त्या जुळल्याची खात्री करावी, मगच जुनी काढावी. तसं केलं तर स्ट्रीम्सचे आकडे सहसा टिकतात. उरलेल्या कॅसेट आणि प्लेट्स कलाकारांना खर्चाच्या भावात द्या. चालू खातं मात्र आणखी वर्षभर उघडं ठेवा, कारण वितरकांचे पैसे महिनोन्‌महिने उशिरा येत राहतात.